दहा मोजेपर्यंत

९ जानेवारी

धाकटी,

फोनवर नीट विचारता आलं नाही. तुझ्या मागे तिथे वीस कुत्री भुंकत असतात आणि इथे माझ्या मागे एक. म्हणून लिहितो. शिवाय कागदावर असलं की मला करता येतं, हे तुला ठाऊक आहे. प्रयोगशाळेत एकतीस वर्षं पाणी तपासलं ते भिंतीवर टांगलेला कागद बघून. सगळा पाठ होता, तरी बघायचो.

तुझ्या ताईला सोमवारी घरी आणलं. ऑपरेशन ठीक झालं आहे. पोटावर बावीस टाके आहेत. दोन महिने जिना उतरायचा नाही, म्हणून ती वरच्या खोलीतच राहील. तिचं खाणं-पिणं, औषधं मी बघतो. निवृत्त झाल्याचा काहीतरी उपयोग.

अडचण बोक्याची आहे. कुत्र्याचं नाव बोका ठेवणारी बाई तुझीच बहीण, त्यामुळे तुला त्याचं काही वाटत नसेल. पण हॉस्पिटलमधल्या नर्सने तीन वेळा विचारलं, "म्हणजे मांजर ना?" तुझ्या ताईने तिन्ही वेळा गंभीरपणे हो म्हणून सांगितलं. तर हे मांजर आता अठ्ठावीस किलोचं आहे. तिला घरी आणलं त्या दिवशी ते तीन उड्यांत जिना चढलं आणि थेट पलंगावर गेलं. टाक्यांपासून चार बोटांवर पंजे पडले. ती हसत होती. मी पांढरा पडलो.

बांधून ठेवायला ती तयार नाही. "माझ्यापायी त्याच्या गळ्यात साखळी नको" म्हणाली. खोलीचं दार लावलं तर तो खरवडून काढतो. तुमच्या कुत्र्यांच्या वसतिगृहात खोल्यांच्या तोंडाशी जी कमरेएवढी फाटकं आहेत, तसं एक जिन्याच्या पायथ्याशी बसवावं असं मला सुचलं. सुताराशी बोललो आहे. फाटक कसं असावं, आणि मग बोक्याला ते कसं शिकवायचं, हे पायरी-पायरीने लिहून पाठव. काही गाळू नकोस.

भाऊजी


१३ जानेवारी

भाऊजी,

काय तुमचं पत्र. आमच्या आचाऱ्याला वाचून दाखवलं, तो म्हणाला, असा एक माणूस आपल्याकडे हवा. इथे लोक कुत्री सोडून गावाला जातात आणि जाताना आम्हाला वीस सूचना देतात. परत येतात तेव्हा त्यातली एकही त्यांना आठवत नसते.

फाटक त्याच्या छातीच्या वर जाऊ दे. गज उभेच लावायला सांगा, आडवे लावले तर ती शिडी झाली. दोन गजांमध्ये तुमची तीन बोटं जातील एवढीच फट ठेवायची, नाहीतर डोकं अडकवून घेईल. कडी वरून दाबून उघडणारी हवी. उचलायची असली तर हा नाकाने उचलेल, तुमच्या आधी शिकेल.

बसवल्यावर दोन दिवस ते उघडंच ठेवा आणि त्याची खाण्याची ताटली तिथेच ठेवा. फाटक म्हणजे काहीतरी चांगलं, हे आधी डोक्यात जाऊ दे. मग एक मिनिट लावा, मग पाच, मग अर्धा तास. तुम्ही त्याला दिसत राहा. शिक्षा म्हणून कधीही लावायचं नाही. रागवायचं असेल तर रागवा, पण फाटकाला त्यात ओढू नका.

फाटक उघडलं म्हणजे जायची परवानगी मिळाली, असं त्याला वाटता कामा नये. परवानगी शब्दाने मिळते. शब्द एकच ठेवा आणि तो म्हणणारं माणूसही एकच. ताईला म्हणू दे, वरून. तिला पडल्या पडल्या तेवढंच काम होईल.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. तो भुंकत असताना उघडायचं नाही. शंभरातली नव्वद माणसं इथेच फसतात. एकदा भुंकण्यावर उघडलंत की संपलं, मग जन्मभर तो तुम्हाला भुंकून उठवणार आणि भुंकून बसवणार. भुंकला की त्याच्याकडे पाठ करून उभे राहा. बघायचं नाही, बोलायचं नाही, हलायचं नाही. गप्प झाला की मनात दहा मोजा. मध्ये भुंकला तर परत एकपासून. दहा पूर्ण झाले की मगच कडीला हात. कितीही वेळ लागू दे.

तुमच्यासारखा माणूस हे करू शकतो. ताईसारखी माणसं चारलाच उघडतात.

तिला म्हणावं, मांजराला सांभाळ.

धाकटी


२ फेब्रुवारी

धाकटी,

फाटक झकास झालं आहे. सुताराने बसवताना विचारलं, "नातवंडं यायची आहेत का?" मी म्हटलं, कुत्र्यासाठी आहे. तो म्हणाला, "मग पॉलिश करतो."

तू लिहिलंस तसंच केलं. तुझं पत्र स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं आहे. रोज सकाळी एकदा वाचतो. मोजणी वहीत लिहितो. पहिल्या दिवशी एक्केचाळीस वेळा परत एकपासून मोजावं लागलं. दुसऱ्या दिवशी सव्वीस वेळा. आठव्या दिवशी तीन. कालपासून एकदाही नाही. मी जवळ गेलो की तो आपणहून बसतो आणि कडीकडे बघतो.

शब्द "चला साहेब" असा ठरला आहे. तो तुझ्या ताईने ठरवला. पाच वाजता मी चहा घेऊन वर जातो, जाताना फाटक उघडं ठेवतो. तो हलत नाही. वरून ती म्हणते, "चला साहेब." मग तो एक एक पायरी चढतो, लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखा. पलंगावर चढत नाही. कडेला हनुवटी ठेवतो आणि ती त्याचे कान चोळते. मग दोघं माझ्याकडे बघतात.

टाके काढले. भूक अजून नाही. थकते लवकर. डॉक्टर म्हणाले, पाय हलवत राहा. आणखी पाच आठवडे जिना नाही.

खाली तिला दोन ओळी लिहायच्या आहेत म्हणते.

भाऊजी

धाकटे, मी बरी आहे. तुझ्या पत्राने या माणसाचं डोकं फिरवलंय. मला चहासुद्धा मी गप्प बसले की मिळतो. बोलत असले तर ट्रे घेऊन दारात उभे राहतात. बहुतेक मनात मोजतात. तू ये लवकर, मला तुझ्याशी खूप बडबडायचंय, आणि हात दुखतो लिहून. — ताई


११ मार्च

भाऊजी,

परत येऊन आठवडा झाला. पोचल्याचा फोन केला होता, पण तुम्ही "बरं" म्हणालात आणि मीही "बरं" म्हणाले.

मी तिथे होते तेव्हा तुम्हाला काही विचारायला धीर झाला नाही. तुम्ही सतत कुणाला तरी चहा देत होतात. माणसं गेली की कप धूत होतात. मी एकदा कप हातातून घ्यायला गेले तर तुम्ही दिला नाहीत. म्हणून इथून विचारते, कागदावर असलं की तुम्हाला जमतं म्हणून.

ती शेवटी काही म्हणाली का? तुम्ही जवळ होतात ना?

एवढंच सांगा, मग परत विचारणार नाही. दुपारी तीनच्या सुमाराला मी कुत्र्यांची पाण्याची भांडी भरत जाते, आणि रोज त्याच वेळी हे डोक्यात येतं. मी फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच रजा घेऊन यायला हवं होतं. ती लिहीत होती ये म्हणून. मला वाटलं, जिना उतरायला लागली की जावं, म्हणजे दोघींना फिरायला जाता येईल.

बोका कसा आहे? मी निघाले तेव्हा जिन्याच्या पायथ्याशी पडून होता. माझ्या बॅगेकडे त्याने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

धाकटी


१९ मार्च

धाकटी,

हो. मी जवळ होतो. ती झोपेतच गेली. काही म्हणाली नाही, त्रास झाला नाही. रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली असं डॉक्टर म्हणाले. बाजूला कुणी असतं तरी काही करता आलं नसतं, असंही म्हणाले. तेव्हा तू मनाला लावून घेऊ नकोस. तू आली असतीस तरी हेच झालं असतं.

बोका बरा नाही. फाटक त्या दिवसापासून उघडंच आहे. मी ते लावलेलं नाही, पण तो ओलांडत नाही. फाटक जिथे लागतं तिथे जमिनीवर एक रेघ पडली आहे, त्या रेघेच्या अलीकडे नाक ठेवून पडून असतो. पाच वाजता उठून बसतो, वर बघतो. साडेपाच-पावणेसहाला परत पडतो. ताटलीतलं अर्धं खातो. मी त्याला उचलून वजनकाट्यावर उभा राहिलो, मग माझं वजन वजा केलं. चोवीस किलो आहे.

शब्द मी म्हणून पाहिलेला नाही. तो माझा नाही.

भुंकत नाही. त्या दिवसापासून एकदाही भुंकलेला नाही. पेपरवाला आला तरी नाही, मीटरवाला आला तरी नाही. शेजारच्या टेलरबाई म्हणाल्या, किती शहाणा झालाय हो.

यावर काय करावं ते लिही.

भाऊजी


२ एप्रिल

भाऊजी,

उत्तराला उशीर झाला, कारण काय लिहावं कळत नव्हतं. बोक्याचं लिहायला बसले होते. फाटक बिजागऱ्यांसकट काढून टाका, ताटली रोज एक हात पुढे सरकवा, असं सगळं. तेवढ्यात टेलरबाईंचा फोन आला. ताईने शिवायला टाकलेली माझी पोलकी तयार आहेत, पाठवू का, म्हणून. बोलता बोलता म्हणाल्या, "त्या दुपारी कुत्रा किती भुंकत होता हो, पाव तास तरी. मी मशीन थांबवलं. मग एकदम गप्प झाला. मला वाटलं, चला, सोडलं त्याला वर एकदाचं."

तुम्ही सोडलं नाहीत, भाऊजी. मला माहीत आहे. तो अजून रेघेच्या अलीकडे आहे, म्हणजे त्याला कुणी सोडलेलं नाही.

माझ्या बहिणीला मी ओळखते. खाली बोका पाव तास भुंकतोय आणि ती "अहो, सोडा त्याला" म्हणाली नाही, असं होणारच नाही. जीव जात असला तरी म्हणाली असती. तिने म्हटलं असणार आणि तुम्ही तिच्या पलंगाशी बसून नियम सांगितला असणार. शेवटचा त्याला हात लावायचा होता तिला. तेवढंही तुम्ही करू दिलं नाहीत आणि मला लिहिता, काही म्हणाली नाही.

तुम्हाला असं लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. लहानपणापासून मी तुम्हाला उलट बोललेली नाही. पण बोका मला द्या. तुमच्याकडे तो मरेल. पंधरा तारखेनंतर मी येऊन घेऊन जाते.

धाकटी


८ एप्रिल

धाकटी,

बोक्याला घेऊन जा. त्याचं बरं होईल. त्याची ताटली, पट्टा आणि पांघरूण बांधून ठेवतो. लसीचा कागद पट्ट्याला बांधला आहे.

तू येशील त्या दिवशी मी घरी असेन.

भाऊजी


१३ एप्रिल

भाऊजी,

तुमच्या चार ओळी वाचल्या आणि मला वाटलं होतं तसं समाधान झालं नाही. तुम्ही भांडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही मला कुत्र्याचा पट्टा बांधून ठेवतो म्हणता. मला कुत्रं नको आहे, मला उत्तर हवं आहे.

काल सुट्टी होती. तुमची सगळी पत्रं काढून परत वाचली. ताईच्या दोन ओळींसाठी काढली होती. एकोणीस मार्चचं वाचताना अडखळले. तुम्ही लिहिलंय, डॉक्टर म्हणाले, बाजूला कुणी असतं तरी काही करता आलं नसतं.

बाजूला कुणी असतं तरी.

तुम्ही होतात ना बाजूला? मग डॉक्टर असं का म्हणाले? जो माणूस बाजूला बसला होता त्याला असं कुणी सांगत नाही.

तुम्ही कधी खोटं बोललेले मला आठवत नाही. लहान होते तेव्हा ताई म्हणायची, तुझ्या भाऊजींना खोटं बोलता येत नाही, कारण त्याचा कागद कुठे मिळत नाही. आम्ही दोघी हसायचो. आज हसू आलं नाही.

काय झालं ते लिहा. मी पंधरा तारखेनंतर येणार होते, ती येत नाही. तुमचं पत्र आल्यावर येईन.

धाकटी


२१ एप्रिल

धाकटी,

लिहितो.

त्या दिवशी मी अडीचपर्यंत वर होतो. तिने थोडं खाल्लं. मग म्हणाली, "जरा डोळा लागतोय, तुम्ही खाली जा, तुमच्या त्या वहीचा आवाज येतो." पानं उलटल्याचा. मी खाली आलो. कप धूत होतो. बोका फाटकाशी बसलेला होता. दोन चाळीसला तो भुंकायला लागला.

ते नेहमीचं भुंकणं नव्हतं. हे मला नंतर सुचलेलं नाही, तेव्हाच कळलं होतं, म्हणून लिहितो. नेहमी तो माझ्याकडे बघून भुंकायचा. तेव्हा वर बघून भुंकत होता, आणि मधूनच बारीक आवाज काढत होता.

मला वाटलं, तिची झोप मोडेल. तीन आठवडे तो भुंकलेला नव्हता. आता उघडलं तर सगळं वाया जाईल, असंही वाटलं. मी फाटकाकडे पाठ करून उभा राहिलो. समोर ते कपाट होतं, दार बंद होतं, पण आतला कागद मला दिसत असल्यासारखा होता. मी मोजायला लागलो. तो मध्ये श्वास घ्यायला थांबायचा तेव्हा सहापर्यंत जायचो, आठपर्यंत जायचो. एकदा नऊ झाले आणि तो भुंकला. तेव्हा मला त्याचा राग आला. परत एकपासून मोजलं. कितीही वेळ लागू दे, असं तू लिहिलं होतंस. वर एकदा जाऊन बघावं हे मनात आलं होतं. पण जायला फाटक उघडावं लागलं असतं.

दोन पंचावन्नला तो गप्प झाला. एकदम. मी दहा मोजले. कडी काढली. धाकटी, मला तेव्हा बरं वाटलं. जमलं असं वाटलं. कुणीतरी पाठ थोपटल्यासारखं वाटलं. इतके दिवस हे मी कुणाला सांगू शकलो नाही, ते हेच.

तो उठला नाही. मी म्हटलं, शहाणा आहे, शब्दाची वाट बघतोय. वरून शब्द आला नाही, तर वाटलं, बरं झालं, झोप मोडली नाही. मग मी सावकाश चहा केला. तीन-वीसला ट्रे घेऊन वर गेलो आणि दारात उभा राहिलो. ती गप्प होती. मी तसाच थोडा वेळ उभा होतो.

किती वेळ ते माहीत नाही. तेव्हा मोजलं नाही.

डॉक्टर म्हणाले, तीनच्या आधी गेलेली आहे. ते वाक्य ते म्हणाले, कारण मी त्यांना सगळं सांगितलं होतं. तुला सांगितलं नाही. पत्र तुझं होतं म्हणून. तुला खरं कळलं असतं तर तू तुझं पत्र आठवलं असतंस, एक एक ओळ. तुझी एकही ओळ चुकीची नाही. तू ते कुत्र्यासाठी लिहिलंस. मी ते घराला लावलं.

ती "सोडा त्याला" म्हणाली नाही. म्हणाली असेल तर मला ऐकू आलं नाही. त्याचं भुंकणं मोठं होतं.

बोक्याला घेऊन जा असं लिहिलं ते रागाने लिहिलं नव्हतं. तो माझ्याकडे बघत नाही आणि बघितलं तर मला सहन होत नाही. पण तुझं पत्र आल्यापासून त्याची ताटली दोनदा बांधली आणि दोनदा सोडली. तो गेला तर घरात त्या दुपारी असलेलं माझ्याशिवाय कुणीच राहणार नाही.

तू ठरव.

भाऊजी


९ मे

भाऊजी,

अठरा दिवस लागले मला. त्यातले पहिले काही दिवस तुमचा राग आला. इथल्या एका म्हाताऱ्या कुत्रीला मी विनाकारण ओरडले, ती आपली शेपटी हलवत होती. मग राग उतरला आणि जे उरलं ते रागापेक्षा वाईट होतं.

आता मी लिहिते ते नीट वाचा.

तुम्ही पहिल्या पत्रात लिहिलं होतंत, काही गाळू नकोस. मी गाळलं.

इथे कुणालाही फाटक शिकवताना मी एक वाक्य तोंडाने सांगते, प्रत्येकाला, गेली अकरा वर्षं. भुंकणं वेगळं वाटलं तर आधी जाऊन बघा, नियम मागाहून. हे सांगितल्याशिवाय मी कुणाला फाटकाला हात लावू देत नाही. तुम्हाला लिहिताना ते मला आठवलं होतं. पेन थांबलं होतं तिथे. मग म्हटलं, नको. ताई रोज म्हणेल, अहो आज वेगळं भुंकतोय, सोडा. आणि टाके उसवून बसेल. तुम्ही तिच्यापुढे टिकावं म्हणून ते वाक्य मी गाळलं. शेवटी गंमत लिहिली, ताईसारखी माणसं चारला उघडतात.

चारला उघडणारं माणूस त्या दिवशी खाली हवं होतं.

आता तुम्ही लिहाल, तुझं काही चुकलं नाही. मी लिहीन, तुमचं नाही. असं आपण दोघं म्हातारे होईपर्यंत लिहीत बसू. त्यापेक्षा अर्धं अर्धं घेऊ. मला माझं अर्धं घेता येईल असं वाटतं. सगळं असतं तर आलं नसतं, आणि तुम्ही ते सगळं एकट्याने घेऊन कप धूत होतात.

एक गोष्ट मात्र रोज मनात येते. वर तिला जाग आली असेल तर तिच्या कानावर काय पडत असेल? तुम्ही नव्हतात, मी नव्हते. पण खालून तो तिला सारखा हाका मारत होता. त्याला शब्द नव्हता मिळाला, म्हणून तो आवाजाने वर गेला. आणि तो थांबला तो तुमच्या मोजण्याने थांबला नाही. तुम्हालाही ते माहीत आहे.

खोटी समजूत असेल. मला लागते आहे, म्हणून घेते.

बोका तुमच्याकडेच राहू दे. मला आठ दिवसांची रजा मिळते आहे, महिनाअखेरीला येते. ताईचं कपाट मी आल्यावर दोघं मिळून आवरू. नाहीतर तुम्ही एकटेच आवराल आणि वहीत लिहून ठेवाल. पण तिची निळी शाल मला हवी, ती तेवढी काढून ठेवा.

तोपर्यंत फाटक काढा. रेघ पुसू नका, तिच्यावर रोज काहीतरी चांगलं ठेवा, मग थोडं पलीकडे. आणि शब्द तुम्ही म्हणा. तो ताईचा होता. आता तो ज्याच्या तोंडी येईल त्याचा.

तुमची
धाकटी


१७ मे

धाकटी,

पत्र मिळालं. अर्ध्याचं वाचलं. जमेल असं वाटतं.

सुतार आला होता. फाटक काढून त्याने भिंतीला टेकवून ठेवलं आणि विचारलं, "मोडलं काय?" मी म्हटलं, नाही, काम झालं. बिजागऱ्यांची चार भोकं चौकटीत राहिली आहेत. लांबी लावून बुजवू का म्हणाला, मी नको म्हटलं. कपाटातला कागदही काढला. फाडला नाही. तुझ्या ताईच्या दोन ओळींची माझ्याकडे नक्कल नाही, त्या तू जपून ठेव.

तू सांगितलंस तसं रोज रेघेवर बिस्कीट ठेवतो. रेघेवरचं खातो. पलीकडे चार बोटं ठेवलं तर मान लांबवून घेतो, पाय मात्र अलीकडेच. पहिली पायरी अजून दूर आहे. शब्द मी दोनदा म्हणायला गेलो. "चला" पर्यंत आलं.

मी गादी खाली आणली आहे. जिन्यापाशीच टाकली आहे. त्याला वर येता येत नसेल तर मला खाली झोपता येतं. पहिले दोन दिवस तो माझ्याकडे पाठ करून झोपला. परवापासून पाठ माझ्या पायाला लागते. वजन पंचवीस.

काल दुपारी तुझी शाल काढायला वर गेलो होतो. शाल कपाटात मागे होती, बाकी काही हलवलं नाही. ती घडी करत होतो आणि बोका खाली भुंकला.

तीन महिन्यांनी भुंकला. मी शाल टाकून धावलो. जिना कसा उतरलो माहीत नाही, मधली एक पायरी चुकली, गुडघा आपटला. तो रेघेशी उभा होता, वर बघत. दारात कुणी नव्हतं. पेपरवाल्याची ती वेळ नाही. टेलरबाईंची मशीन चालू होती, त्या मागाहून खिडकीत आल्या आणि काय झालं म्हणून विचारलं. काही झालं नव्हतं. मी सगळीकडे बघितलं, गॅस बघितला, मागचं दार बघितलं.

मला बघून तो गप्प झाला होता. बहुतेक त्याला एवढंच बघायचं होतं, कुणी येतं का.

मी त्याच्याजवळ जमिनीवर बसलो. गुडघ्यामुळे लवकर उठताही येत नव्हतं. त्याने माझ्या हाताचा वास घेतला, मग हनुवटी माझ्या पायावर ठेवली. ती चोळायची तसे मी त्याचे कान चोळले. पाच वाजले तरी तो उठून बसला नाही. आम्ही दोघं तिथेच होतो.

शाल वर पडली आहे. घडी तू आल्यावर कर.

गुडघ्याला शेक घेताना लक्षात आलं, तो भुंकल्यापासून खाली पोचेपर्यंत मी एकही आकडा मोजला नव्हता.

भाऊजी